गुन्हेगार ठरवलेल्या जमातींचा इतिहास वर्गात कसा मांडावा?

प्रश्न : सोलापूरची शिक्षिका

नमस्कार. मी सोलापुरातील एका माध्यमिक शाळेत गेली चौदा वर्षे इतिहास शिकवते. गेल्या महिन्यात वर्गात घडलेला एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही, म्हणून तो येथे मांडते आहे.

ब्रिटिश राजवटीतील कायदे शिकवताना मी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा ओझरता उल्लेख केला. काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार मानले गेले, आपल्या शहरातील सेटलमेंट, म्हणजे या जमातींना तारेच्या कुंपणात ठेवण्याची वस्ती, त्याच कायद्याने उभी राहिली आणि १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, एवढे सांगून मी पुढे जाणार होते. तेवढ्यात सेटलमेंटबाहेरच्या फ्री कॉलनीतून येणारा एक मुलगा उभा राहिला आणि त्याने विचारले, "मॅडम, म्हणजे माझे पणजोबा चोर होते का?" वर्ग एकदम शांत झाला. मी म्हणाले, "नाही रे, तो कायदाच चुकीचा होता." तो खाली बसला, पण त्याचे समाधान झाले नव्हते, हे मला दिसत होते. त्याने पणजोबांविषयी विचारले होते आणि मी कायद्याविषयी उत्तर दिले होते.

त्या दिवसापासून मी स्वतःलाच काही गोष्टी विचारते आहे. एखादा माणूस कोण आहे, हे सरकारने ठरवावे आणि पुढच्या चार पिढ्यांनी ते वागवावे, हे नेमके कसे घडले? त्या माणसांविषयी आपल्या हाती असलेले कागद बहुतांशी पोलिसांनी आणि सेटलमेंटच्या अधिकाऱ्यांनी लिहिलेले आहेत. मग त्या कागदांवर विसंबून मी त्या मुलाला खरे उत्तर देऊ शकते का? माझ्या एका सहकाऱ्यांचा सल्ला असा आहे की, या जमाती इंग्रजांविरुद्ध लढल्या म्हणून त्यांना गुन्हेगार ठरवले गेले, असेच सरळ सांगावे. त्यामुळे मुलांचा अभिमान जागा होतो. हे सांगणे मला सोपे जाईल. मात्र ते सर्वांच्या बाबतीत खरे आहे का, याची मला खात्री वाटत नाही. जाणकारांनी आणि विशेषतः ज्यांच्या घरात हा इतिहास आहे त्यांनी कृपया लिहावे.

उत्तर : दप्तरवाचक, पुणे

ताई, नमस्कार. आधी एक दुरुस्ती करतो, कारण ती तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याशी जोडलेली आहे. १८७१ चा कायदा सुरुवातीला वायव्य प्रांत, अवध आणि पंजाब एवढ्यापुरताच होता आणि १८७६ मध्ये तो बंगालमध्ये नेला गेला. मुंबई इलाख्याला तो लागू करण्याची सोय १९११ च्या नव्या कायद्याने झाली, आणि १९२४ मध्ये सगळ्या तरतुदी पुन्हा एकत्र बांधल्या गेल्या. म्हणजे त्या मुलाच्या पणजोबांच्या वाट्याला आला तो या दोन नंतरच्या कायद्यांपैकी एक. तारखांचा हा काथ्याकूट मी एवढ्यासाठी करतो आहे की, १८५७ च्या धसक्याने इंग्रजांनी घाईत केलेला कायदा अशी समजूत आपण करून घेतो. प्रत्यक्षात उत्तरेत चाळीस वर्षे तो चालवून पाहिल्यावर, त्याचे परिणाम ठाऊक असताना सरकारने तो अधिक कडक केला आणि इकडे आणला.

आता तो चालत कसा होता ते पाहू, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या कलमांतच आहे. एखादी टोळी, जमात किंवा लोकांचा एखादा वर्ग अजामीनपात्र गुन्हे पद्धतशीरपणे करण्याच्या आहारी गेलेला आहे, असे सरकारला वाटले की तशी अधिसूचना काढता येत असे. त्या अधिसूचनेच्या वैधतेला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येत नसे. आरोप नाही, साक्ष नाही, वकील नाही. राजपत्रात एक ओळ छापून आली की काम झाले. त्यानंतर नोंदणी, ठरावीक वेळी हजेरी, १९११ पासून बोटांचे ठसे, आणि हद्दीबाहेर जायचे तर परवाना. परवान्याशिवाय बाहेर पडणे हाच गुन्हा असल्यामुळे, ज्याने आयुष्यात कशाला हात लावला नाही असा माणूससुद्धा बहिणीच्या लग्नाला गेला म्हणून गुन्हेगार ठरू शकत होता. आणि मग हेच खटले जमातीच्या गुन्हेगारीचा पुरावा म्हणून अहवालांत मोजले जाऊ शकत होते. १८९७ च्या दुरुस्तीने तर चार ते अठरा वर्षे वयाच्या मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या सुधारगृहात ठेवण्याची मुभा दिली.

मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट मात्र या कलमांमागच्या युक्तिवादात आहे. विधेयकाच्या समर्थनार्थ असे मांडले गेले की, हिंदुस्थानात धंदा जातीने ठरतो, विणकराचा मुलगा विणकर होतो आणि सुताराचा सुतार. तेव्हा चोरीचा धंदा करणाऱ्यांची मुलेही चोरच होणार. हा विचार इंग्रजांनी विलायतेहून आणलेला नव्हता. तो त्यांनी आपल्याकडून, आपल्या जातिव्यवस्थेकडे पाहून उचलला आणि त्याला कायद्याची मोहोर लावली. गावाबाहेर पाल ठोकून राहणाऱ्यांविषयी गावात जो संशय आधीपासून होता, तो आता राजपत्रात आला. म्हणून हा विषय 'परकीय सरकारचा अन्याय' या एका वाक्यात बसवला की आपण आपल्या वाट्याची जबाबदारी टाळतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपली भाषाच पाहा. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या, म्हणजे पूर्वी गुन्हेगार ठरवून नंतर मुक्त केलेल्या जमातींच्या, यादीत चौदा नावे आहेत. बेरड, कैकाडी, कंजारभाट, बंजारा, रामोशी, वडार, वाघरी, छप्परबंद यांच्याबरोबर त्यात भामटा हेही नाव आहे. आणि आज सकाळच्या वर्तमानपत्रात "भामट्याने वृद्धेचे दागिने लंपास केले" असा मथळा सहज छापला जातो. एका समाजाचे नाव आणि लबाड माणसासाठीचा शब्द आपण एकच वापरतो. त्या समाजातील मूल तो मथळा कसे वाचत असेल, याचा विचार मीसुद्धा फार उशिरा केला.

यांतील बहुतेकांच्या हाताला कसब होते. बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरत. १८५३ नंतर रेल्वे पसरत गेली, मिठावर सरकारी कर आणि पहारे बसले, तसा तो व्यापार मोडत गेला. जे काल रसद पुरवत होते ते आज 'उदरनिर्वाहाचे दृश्य साधन नसलेले' ठरले. वडारांनी दगड फोडले आणि माती वाहिली, तेव्हा कुठे रस्ते आणि कालवे झाले. वर्गात हे अर्थकारण सांगितल्याशिवाय कायदा समजणार नाही.

उत्तर : फ्री कॉलनीत वाढलेला

मॅडम, मी तुमच्याच शहरातला आणि त्या मुलाच्या समाजाच्या शेजारचाच. तुम्ही हा प्रश्न विचारलात याचे बरे वाटले. आमच्या वेळी वर्गात हा विषय निघालाच नाही.

तारेच्या आतल्या वस्तीला आमच्याकडे सगळे 'शेटलमेंट'च म्हणत. हा शब्द माझ्या आजीच्या तोंडी असा काही बसलेला आहे की तो इंग्रजी आहे हे मला कॉलेजात गेल्यावर कळले. चांगल्या वर्तणुकीचा शेरा मिळाल्यावर ज्यांना तारेबाहेर राहू दिले जाई, त्यांची वस्ती ती फ्री कॉलनी. 'फ्री' या शब्दाचा अर्थ आमच्या पत्त्यातच लिहिलेला आहे. आजी तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. तिला आठवते ती संध्याकाळच्या हजेरीची घंटा. घंटा झाली की तिच्या आईला तव्यावरची भाकरी तशीच टाकून रांगेत उभे राहावे लागे, आणि परत येईपर्यंत ती करपलेली असे. आजी आजही भाकरी करपली की "हजेरीची भाकर" म्हणते.

आता त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर. माझे पणजोबा सूतगिरणीत कामाला जात, परवाना दाखवून जात आणि परवाना दाखवून परत येत. त्यांचा धाकटा भाऊ चोऱ्या करीत असे, आणि हे आमच्या घरात कोणी लपवत नाही. पण दोघांची हजेरी एकाच रांगेत होती, दोघांच्या बोटांचे ठसे एकाच वहीत होते. धाकट्याला शिक्षा झाली ती त्याने केलेल्या चोरीबद्दल. थोरल्याला झाली ती कशाबद्दल, हे कोणी सांगू शकले नाही. त्या मुलाला एवढेच सांगा की, तुझे पणजोबा चोर होते की नव्हते हे त्या कायद्याने कधी विचारलेच नाही.

कागदांविषयी तुम्ही लिहिले आहे, त्यात मला भर घालायची आहे. विमुक्त जातीचा दाखला काढायचा तर २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा लागतो. ज्यांच्या नावावर सातबारा नाही, जन्माची नोंद नाही, एका गावात दोन पावसाळे काढले नाहीत, त्यांनी तो कुठून आणायचा? माझ्या पडताळणीच्या वेळी वडील आणि मी दीड वर्ष हेलपाटे घातले. शेवटी आजोबा सेटलमेंटच्या ज्या शाळेत चार यत्ता शिकले, तिथल्या जुन्या जनरल रजिस्टरात त्यांचे नाव सापडले. लाल फडक्यात बांधलेली वही, कडा वाळवीने खाल्लेल्या. विद्यार्थ्याचे नाव, बापाचे नाव, जात, जन्मतारखेच्या रकान्यात 'अंदाजे', आणि राहण्याच्या ठिकाणी 'सेटलमेंट'. त्या पानाचा साक्षांकित उतारा मी अर्जाला जोडला आणि माझी जात सिद्ध झाली. ज्या वहीने आमच्या घराण्याला तारेच्या आत मोजले, तीच वही आमच्या हक्काचा एकमेव पुरावा ठरली. त्या दिवशी मला आनंद झाला आणि रागही आला. त्या वह्या जपून ठेवल्या पाहिजेत असे मला मनापासून वाटते.

सरकार ओळख कशी ठरवते याचे आणखी एक उदाहरण आमच्या नात्यातलेच आहे. कैकाडी समाज विदर्भात अनुसूचित जातीत येतो आणि उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातीत. त्यातही चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा तालुका वगळलेला आहे, कारण विदर्भ पूर्वी मध्य प्रांत-वऱ्हाडात होता आणि राजुरा निजामाच्या राज्यात. माझ्या मावशीचे सासर नागपूरकडे आहे. तिच्या सासरच्या भावंडांची सवलत वेगळी, आमची वेगळी. बंजारा समाज तेलंगणात अनुसूचित जमाती, कर्नाटकात अनुसूचित जाती आणि आपल्याकडे विमुक्त जाती. माणसे तीच, गाणी तीच, गोरमाटी बोलीही तीच. सीमा मात्र कधीकाळी कोणत्या राजाची होती, त्यावर आजचा दाखला ठरतो.

उत्तर : निवृत्त मुख्याध्यापक, सासवड

वरील दोन्ही उत्तरे मी दोनदा वाचली. ताईंच्या सहकाऱ्यांच्या सल्ल्याविषयी लिहावेसे वाटते, कारण तो मोह मलाही माझ्या नोकरीच्या काळात झाला होता.

आमच्या पुरंदर तालुक्यातील भिवडी हे उमाजी नाईकांचे गाव. जन्म १७९१ चा. रामोशी हे किल्ल्यांचे आणि गावांचे पिढीजात राखणदार. रखवालीच्या मोबदल्यात त्यांना हक्क आणि इनाम असत. ते हक्क गेले, १८१८ नंतर कंपनी सरकारने जुनी व्यवस्थाच मोडीत काढली, आणि जे राखण करत होते त्यांच्याच मागे शिपाई लागले. उमाजींनी बंड केले, आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी झाली. त्या बंडाला स्वातंत्र्याचा लढा म्हणण्यात मला काहीही वावगे वाटत नाही. परंतु लक्षात घ्या की त्यांच्या आयुष्याविषयी जे सर्वांत सविस्तर समकालीन वृत्त आपल्यापाशी आहे, ते कॅप्टन मॅकिंटॉश याने लिहिलेले आणि १८३३ मध्ये प्रसिद्ध झालेले आहे. हाच अधिकारी त्यांना पकडण्याच्या मोहिमेत होता. पकडणाऱ्याच्या लेखणीतून आपण पकडल्या गेलेल्या माणसाला पाहतो. तरीही त्याच वृत्तात उमाजींचा दरारा आणि गावोगावच्या लोकांची त्यांना असलेली साथ लपत नाही. शत्रूने लिहिलेला कागद फेकून द्यायचा नसतो. लिहिणाऱ्याला काय दिसत नव्हते आणि नको असतानाही काय लिहावे लागले, हे शोधत तो वाचायचा असतो.

मात्र उमाजींच्या उदाहरणावरून चौदाही जातींतील प्रत्येक पूर्वजाला बंडखोर ठरवणे मला पटत नाही. बंड न करता केवळ टोपल्या विणून पोट भरणाऱ्या कैकाड्याला, माकडाचा खेळ करणाऱ्याला न्याय हवा असेल तर त्याने आधी क्रांतिकारक असायला हवे का? जन्माने गुन्हेगार म्हणणे जितके चूक, तितकेच जन्माने वीर म्हणणे. पुरावा असेल तेथे वीर म्हणावे, नसेल तेथे माणूस म्हणावे.

प्रतिसाद : फ्री कॉलनीत वाढलेला

सर, आपला आदर राखून एका मुद्द्यावर असहमती नोंदवतो. "पुरावा असेल तेथे" हे वाक्य ज्यांच्या दप्तरांत पुरावा राहतो त्यांना सोपे आहे. आमच्या आजीची करपलेली भाकरी कोणत्या कागदावर आहे? आमचे लढे गाण्यांत आणि जात पंचायतीच्या निवाड्यांत राहिले, आणि ती पंचायत चांगली होती असेही मी म्हणत नाही, बायकांवर तिने फार अन्याय केला. पण तोंडी आठवणीला दुय्यम पुरावा मानले की पुन्हा पोलिसाचीच वही पहिली ठरते.

प्रतिसाद : निवृत्त मुख्याध्यापक, सासवड

आपले म्हणणे योग्य आहे. माझ्या वाक्यात 'पुरावा' या शब्दाचा अर्थ मी नकळत कागद असाच धरला होता. आठवणही तपासून घ्यावी लागते, पण कागदही तपासूनच घ्यावा लागतो, एवढी दुरुस्ती मी माझ्या उत्तरात करतो.

प्रतिसाद : सोलापूरची शिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. तारखेची चूक मी उद्याच वर्गात सुधारीन, आणि चूक झाली होती हेही सांगेन. माझा एक उरलेला प्रश्न असा की, "कायदा १९५२ मध्ये रद्द झाला" येथे धडा संपवावा का? मुले लगेच 'मग झाले' असे म्हणतात.

उत्तर : दप्तरवाचक, पुणे

तेथे संपवू नये. मुंबई प्रांतात तो १९४९ मध्येच गेला आणि देशभरातून ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. म्हणूनच हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. देश स्वतंत्र झाल्यावर या लोकांसाठी आणखी पाच वर्षे सोळा दिवस लागले, असे कार्यकर्ते सांगतात. पण जाता जाता अनेक प्रांतांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. कागदोपत्री ते जातीवर नव्हे तर व्यक्तीवर होते. ठाण्यात मात्र पाहण्याची नजर जुनीच राहिली. चोरी झाली की पहिली गाडी कोणत्या वस्तीकडे वळते, हे तुमच्या विद्यार्थ्यांपैकी काहींना कोणत्याही पुस्तकाशिवाय ठाऊक असेल.

आणि मुलांना एक अगदी ताजी गोष्ट सांगा. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातिभेदाविषयी निकाल दिला. पत्रकार सुकन्या शांता यांनी ती याचिका केली होती. अनेक राज्यांच्या कारागृह नियमावल्यांत जातीनुसार कामे वाटण्याचे आणि भटक्या वा 'गुन्हेगार' जमातींकडे संशयाने पाहण्याचे नियम तोवर शिल्लक होते. न्यायालयाने गुन्हेगार जमाती कायद्याचा इतिहास निकालात मांडला आणि कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला. इतिहासाचा अभ्यास कशासाठी, असे मुले विचारतात तेव्हा मी हे सांगतो की, जुने अहवाल कोणीतरी वाचले होते म्हणून एक रकाना खोडला गेला.

याची दुसरी बाजूही आहे. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने मराठा समाजाच्या कुणबी दाखल्यांसाठी निजामकालीन हैदराबाद गॅझेटियरमधील नोंदी पुरावा म्हणून पुढे आल्यानंतर बंजारा समाजानेही त्याच आधारावर अनुसूचित जमातीची मागणी जोराने मांडली, आणि आदिवासी संघटनांनी तिला विरोध केला. कोण बरोबर हे मी येथे सांगणार नाही, तो माझा अधिकार नव्हे. पण शंभर वर्षांपूर्वीच्या कारकुनाने कोणाला कोणत्या रकान्यात लिहिले यावर आजच्या मुलाचे वसतिगृह आणि नोकरी ठरते, तेव्हा तो कारकून कोणाला विचारून लिहीत होता, हे दहावीच्या मुलाला विचारता आले पाहिजे.

प्रतिसाद : सोलापूरची शिक्षिका

मी असे योजले आहे. वर्गाला दोन गोष्टी शेजारी शेजारी देईन : सेटलमेंटच्या शाळेच्या रजिस्टरातील एका पानाचा नमुना, नावे झाकून, आणि हजेरीच्या घंटेची एक तोंडी आठवण. दोन्ही कोणी सांगितल्या, कोणासाठी सांगितल्या आणि त्यांत काय राहून गेले, हे मुलांनी लिहायचे. त्या मुलाला मी स्वतंत्रपणे भेटले. "तुझ्या पणजोबांना कायद्याने ते विचारलेच नाही," असे सांगितल्यावर तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "मग आपण विचारू या." आपल्या आजी शाळेत येऊ शकतील का?

प्रतिसाद : फ्री कॉलनीत वाढलेला

आजीला विचारले. ती आधी नको म्हणाली, "पोरांना काय सांगायचं त्यातलं," म्हणाली. मग रात्री स्वतःच म्हणाली की घंटा कशी वाजायची ते दाखवता येईल, घरात पितळेची थाळी आहे. मंगळवारी दुपारी घेऊन येतो. तिला जिने चढवत नाहीत, तेवढा वर्ग तळमजल्यावर घ्यावा.